स्मेट्सबाईंच्या गाडीची काच

नाव लांबर्ट, पण माणूस आखूड. मोटारीशेजारी उभा राहिला की फारसं वाकावं न लागता त्याचं तोंड थेट काचेसमोर यायचं. देवाने याला तिकिटं फाडण्यासाठीच घडवलाय, असं आमच्याकडे म्हणत. आमच्याकडे म्हणजे हाल्डर आणि बेर्गवेर्ट या दोन गावांत. मधून मास नदी जाते. पूल आहे तो पार खालच्या अंगाला, म्हणून आमची फेरीबोट. एका वेळी आठ-दहा मोटारी, काही सायकलवाले, कधी एखादा ट्रॅक्टर. मी बोटीचा तांडेल, वरच्या केबिनमध्ये बसणारा. लांबर्ट तेउवेन खाली डेकवर, छातीशी चामड्याची पिशवी अडकवून. आमची ही जोडी माझ्या लग्नाहून जुनी.

बोटीवर यायच्या आधी तो कौलांच्या कारखान्यात होता. तिथे यंत्रांच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू जात नसे. तिथून सुटून आला तेव्हा त्याच्या पोटात काही वर्षांचं बोलणं तुंबलेलं होतं, आणि पुढेही ते त्याने कधी आटू दिलं नाही. लग्न झालं नाही. आई होती तोवर संध्याकाळी तिच्याशी बोलायचा. आई गेल्यावर घरात घड्याळ आणि तो. त्यामुळे सकाळी बोटीवर यायचा तो उपाशी माणूस पंगतीला यावा तसा.

नदी ओलांडायला चार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात तिकीट फाडून लांबर्ट गोष्ट सुरू करायचा आणि काठ आला की तोडायचा. राहिलेलं परतीच्या फेरीत. रोज कामावर जाणाऱ्यांना सगळं क्रमवार मिळे. कधीमधी येणाऱ्याला मधलाच तुकडा मिळे, आणि तो बिचारा आधी काय झालं याचा विचार करत काठावर उतरे.

तेव्हा गाड्यांच्या काचा हँडल फिरवून वर-खाली करायच्या असत. तिकिटासाठी काच खाली घ्यायची म्हणजे मनगट दुखेपर्यंत हँडल फिरवायचं. मग तीच पुन्हा वर घ्यायचा कंटाळा. लोकांच्या त्या कंटाळ्यावर लांबर्टचं निम्मं आयुष्य सुखात गेलं. थंडीत माणसं नाक पुसत, कुडकुडत, पण ऐकत. पुढे बटणं आली. तरी काच पार वर जाईपर्यंत बटणावरचं बोट काढता येत नसे, आणि समोरचा आपल्या वारलेल्या काकाबद्दल सांगत असताना तेवढा वेळ बोट रोवून बसणं भल्या माणसाला जड जातं. तेही दिवस निभले. मग आली एका टिचकीची काच. बटण एकदा ओढायचं आणि सोडून द्यायचं, काच आपली आपण वर जाते. आता कोणाला उद्धट व्हायची गरज राहिली नाही. हात स्टेअरिंगवर, तोंडावर हसू, 'हो का, अरे वा' चालू, आणि काच मात्र स्वतःच्या मनाने आल्यासारखी दोघांच्या मध्ये वर सरकते आहे. गाडीतला माणूस जणू म्हणतोय, मी काय करू बाबा, हिलाच घाई आहे. बाहेर लांबर्ट अर्धं वाक्य तोंडात धरून उभा.

एकदा बोलण्याच्या भरात त्याचं कोपर काचेच्या चौकटीत राहिलं. काच वर आली, कोपराला टेकली, थबकली आणि उलटी खाली गेली. गाडीत शेतकी शाळेतले एक मास्तर होते. त्यांनी सांगितलं की कोणाचा हात चिरडू नये म्हणून काचेला तशी सोय असते. लांबर्टला ही सोय फार पसंत पडली. त्या दिवसापासून गोष्ट काढायच्या आधी तो कोपर चौकटीत ठेवू लागला. काच यायची, शिवायची, माघारी जायची. वरून मला सगळं दिसे. एका नोटरीने लागोपाठ तीनदा बटण ओढलं आणि अखेर हात मांडीवर ठेवून लांबर्टच्या काकाचं मरण शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

त्या नोटरीनेच बहुतेक तक्रार केली. कंपनीच्या कचेरीतून फान हेल्डेन नावाचे साहेब आले. आमच्यासोबत कॉफी प्यायले आणि म्हणाले की प्रवाशाच्या वाहनात कर्मचाऱ्याने कुठलाही अवयव घालू नये. कोपर हा अवयव धरायचा का, असं लांबर्टने विचारलं. साहेबांनी थोडा विचार केला आणि धरायचा म्हणून सांगितलं.

मग लांबर्ट गप्प झाला. तिकीट फाडायचा, 'धन्यवाद, प्रवास सुखाचा' म्हणायचा आणि कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघत राहायचा. गप्प लांबर्ट म्हणजे बंद पडलेली चक्की. आवाज थांबल्यावर कळतं की आपण इतकी वर्षं तो ऐकत होतो. मला करमेना. पण तांडेलाने केबिन सोडून खाली जाऊन गोष्टी ऐकायच्या नसतात.

शतावरीचा हंगाम सुरू झाला होता, म्हणजे एप्रिल सरत आला असेल, तेव्हा ओडिलिया स्मेट्सबाई पहिल्यांदा एकट्या बोटीवर आल्या. बेर्गवेर्टच्या. त्यांचे यजमान वील हिवाळ्यात गेले होते. राखाडी गाडी त्यांचीच. आजवर बाई नेहमी शेजारच्या सीटवर बसलेल्या दिसायच्या. आता स्टेअरिंग घट्ट धरून, पुढे वाकून, गोगलगाईच्या वेगाने त्या उतारावरून डेकवर आल्या. दर मंगळवारी हाल्डरला बहिणीकडे जायचं त्यांनी ठरवलं होतं.

लांबर्ट तिकीट द्यायला गेला. बाईंनी काच खाली घेतली, तिकीट घेतलं, आणि काच खालीच ठेवली. तो क्षणभर घुटमळला. काच हलली नाही. त्याने हवेबद्दल काहीतरी म्हणून पाहिलं. बाई 'हं' म्हणाल्या. काच खालीच. मग त्याने कौलांच्या कारखान्यातली एक छोटी गोष्ट सांगितली, काठ आला, आणि बाई काच खालीच ठेवून निघून गेल्या. परतीलाही तेच. लांबर्ट शिडी चढून केबिनमध्ये आला, जे तो कामाच्या वेळी कधी करत नसे.

"पिएर, ती बाई ऐकते," तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी त्याने दाढी घोटली होती. त्याच्या पुढच्या मंगळवारी टोपी नवी. एकदा पावसाची झड आली. बाकीच्या सगळ्या काचा टपाटप वर गेल्या आणि स्मेट्सबाईंची एकटीची खाली. बाईंनी मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी पसरली, डोक्याला रुमाल बांधला आणि बसून राहिल्या. लांबर्ट पावसात उभा राहून बोलत होता. मला वाटलं, हा दोन्ही काठांवर विषय होणार. झालाच. हाल्डरच्या बेकरीत लोक मला विचारू लागले, बाई खरंच भिजत ऐकतात का. मी सांगायचो, खरंच.

वारा बेर्गवेर्टकडून असला की खालचं बोलणं मला ऐकू येतं. लांबर्टने बाईंना जे सांगितलं त्यातलं कितीतरी मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. कारखान्यातल्या नेट्टा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं म्हणे, आणि तिने साखरपुड्याची फ्लाय, म्हणजे आमच्याकडची गोड भरलेली पोळी, खाऊन, बशी धुऊन ठेवून, मग नकार दिला. बहीण कॅनडाला गेली आणि नाताळाची कार्डं हळूहळू थांबली, तेही सांगितलं. नंतर त्याने महापुराची गोष्ट काढली. त्या डिसेंबरात नदी गावात शिरली तेव्हा त्याची आई घर सोडायला तयार होईना. कोंबड्या घेऊन माळ्यावर जाऊन बसली, आणि लांबर्ट होडी वल्हवत खिडकीतून तिला वाटाण्याचं सूप पोचवायचा. ही गोष्ट त्याने चांगली सावकाश घेतली. पाणी जिन्याच्या एकेका पायरीने चढत होतं आणि लांबर्ट दर मंगळवारी एखादी पायरी सांगत होता.

जूनमध्ये एकदा तो बाईंच्या गाडीपासून परत फिरला तो चेहरा पाडून. मला वाटलं, काही वावगं बोलला असेल. हाल्डरचा धक्का रिकामा झाल्यावर तो वर आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

"तिने विचारलं, तुम्हाला गाड्यांच्या काचांमधलं कळतं का."

"मग?"

"काच बिघडली आहे तिची. एवढे दिवस."

बाईंनी त्याला सरळ सांगितलं होतं. वील गेले त्या हिवाळ्यात गाडी नुसतीच उभी राहून बॅटरी उतरली. गॅरेजवाल्याने नवी घातली. तेव्हापासून काच ऐकेना. पूर्वी वील एकदा बटण ओढायचे की काच वर. आता बाईंनी एकदा ओढलं की ती बोटभर सरकून थांबायची. पुन्हा ओढलं की आणखी बोटभर. ओढत राहिलं तर तुटेल अशी त्यांना भीती. म्हणून नदीवर काच खाली घेतली की ती तशीच ठेवून त्या बहिणीच्या दारापर्यंत जात, आणि तिथे शांतपणे बोट बोट करत वर चढवत. गॅरेजवाला म्हणाला होता की आतली मोटर बदलावी लागेल. त्यांचं मन होईना. वीलच्या गाडीतलं काही बदलायचं म्हणजे कसंतरी वाटायचं.

म्हणजे भिजल्या त्या काचेपायी.

खरं तर काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं, कारण आमच्या गाडीची बॅटरी बदलली तेव्हा आमच्याकडेही हेच झालं होतं. बॅटरी काढली की काचेला आपलं वरचं टोक कुठे आणि खालचं कुठे याचा विसर पडतो. टोक माहीत नसलं की ती बिचकत चालते, एका टिचकीत जायचं धाडस करत नाही. तिला फक्त दोन्ही टोकं पुन्हा दाखवून द्यायची असतात. मोटर बदलायची काही गरज नसते. हे लांबर्टला सांगावं की नाही, यावर मी पूर्ण एक फेरी विचार केला. परत बेर्गवेर्टला लागलो तेव्हा सांगितलं.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शिकव मला."

"लांबर्ट, नीट विचार कर. दुरुस्त झाली तर ती वर जाईल."

"कळतं मला. लहान मूल नाहीये मी."

"मग राहू दे की. उन्हाळाच आहे आता."

"पाऊस उन्हाळ्यातही पडतो, पिएर. बाईला सर्दी होते, तिने सांगितलंय."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तो आमच्या अंगणात आला. मी मुद्दाम बॅटरीची तार काढून पुन्हा जोडली, म्हणजे आमच्या काचाही विसरल्या. लांबर्ट चालकाच्या सीटवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिला. जन्मभर मोटारींशेजारी उभा राहिलेला माणूस, पण त्या जागी तो पहिल्यांदाच बसला होता. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं, कधी लागलंच नव्हतं.

"किल्ली एक घर पुढे. इंजिन नको," मी सांगितलं. "सगळी दारं बंद पाहिजेत. आता बटण दाब आणि काच पार खाली ने. पोचली? सोडू नकोस. दाबूनच धर."

"किती वेळ?"

"अर्धी नमो मरिया म्हण मनात."

त्याने ओठ हलवून अर्धी नमो मरिया म्हटली.

"आता वर ओढ. बोट उचलायचं नाही. वर टेकली की पुन्हा तसंच धरून ठेव. उरलेली अर्धी म्हण."

प्रार्थना संपली तशी आत कुठेतरी हलकी टिक झाली. लांबर्टने बटण एकदा दाबून सोडलं. काच आपणहून खाली गेली. एकदा ओढून सोडलं. आपणहून वर आली. त्याने चारही काचा केल्या, मग मला पुन्हा तार काढायला लावली आणि पुन्हा केल्या. जेवायची वेळ झाली तरी तो थांबेना. माझी बायको फीन दारातून म्हणाली की बाहेर एवढ्या प्रार्थना चालल्यात, तर आज संध्याकाळच्या जपाला नाही गेलं तरी चालेल. शेवटी आमची चांगली बॅटरीच उतरली आणि शेजाऱ्याकडून गाडी चालू करून घ्यावी लागली.

जाताना मी त्याला एक सांगून ठेवलं. काच विसरलेली असते तेव्हा ती परत फिरायचंही विसरते. मध्ये कोपर आलं तरी तिला कळत नाही, नुसती दाबत जाते. हे ऐकून लांबर्टने आपलं कोपर चोळलं. साहेबांचा हुकूम तो मंगळवारी पाळत नसे, हे मला वरून दिसत होतंच. सगळ्या नदीवर ज्या एका काचेत तो निर्धास्त कोपर टेकून उभा राहायचा, तीच तेवढी चिरडणारी होती.

मंगळवारी त्याने बाईंना शेजारच्या सीटवर सरकायला सांगितलं आणि स्वतः आत बसला. चार काचा, प्रत्येकीची एक अख्खी नमो मरिया, तीही आमच्या लांबर्टच्या सावकाशीने. एवढं चार-पाच मिनिटांत होणारं नव्हतं. मी इंजिन मंद केलं. बोट पाण्यात जवळजवळ उभी राहिली. दोघा-तिघांनी हॉर्न वाजवले, एकाने केबिनकडे बघून हात उडवले. मी नदीत काही तरंगतंय का ते पाहत असल्यासारखं केलं.

काठ आला तेव्हा बाई परत आपल्या जागी बसल्या होत्या आणि लांबर्ट नेहमीच्या जागी बाहेर. बाईंनी एका बोटाने बटण ओढलं. काच सरळ वर गेली. त्यांनी ती खाली घेतली, परत वर, परत खाली. मग हात मांडीवर ठेवला.

"वील अस्सं करायचे," त्या म्हणाल्या. "एकदाच. आणि मग हात माझ्या गुडघ्यावर." मग म्हणाल्या, "फार उपकार झाले तुमचे." आणि निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी पाऊस होता. राखाडी गाडी आली, काच झरकन खाली, तिकीट झालं. "काय सुख झालंय म्हणून सांगू तुम्हाला," बाई म्हणाल्या. लांबर्ट म्हणाला, "तर काय, आई माळ्यावर, आणि पाणी आता नवव्या पायरीला…" आणि काच वर गेली. बाईंचा त्यात काही हेतू नव्हता. पाऊस होता आणि काच चालत होती, एवढंच. त्याने वर माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

एवढ्यावर राहतं तर ठीक होतं. पण बाई चर्चच्या महिला मंडळात होत्या, आणि त्यांनी कौतुकाने तिथे सांगितलं की फेरीवरचा लांबर्ट काचा बऱ्या करतो, पैसे घेत नाही, प्रार्थना तेवढी म्हणतो. दोन्ही गावांत बॅटऱ्या उतरलेल्या आणि काचा विसरलेल्या इतक्या बायका असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मंगळवारचे बुधवार-गुरुवार झाले. हातात कामच नसलेल्या एक आजी तर नुसत्या काच दाखवायला बोटीवर येत आणि परत जात. लांबर्ट सगळ्यांच्या काचा करून देई. प्रत्येक गाडीची तऱ्हा निराळी. एखादीला आधी वर न्यावं लागे, एखादी एका प्रार्थनेत ऐकत नसे, तिला दोन लागत. काच सुधारली की बाई खूश होऊन लगेच एकदा वर करून बघे आणि आतून हात हलवी. वर्षभरात त्याने नदीवरची जवळजवळ प्रत्येक काच स्वतःच्या हाताने स्वतःच्या तोंडावर लावून घेतली. तक्रार केली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, निदान काच करताना आत बसायला मिळतं, आणि तेवढा वेळ त्या ऐकतात.

बोट मात्र उशिरा सुटू लागली. फान हेल्डेन साहेब पुन्हा आले. या वेळी त्यांनी अवयवांची गोष्टच काढली नाही. ते दिवसभर काठावर उभे राहून बघत होते. त्यांच्या लक्षात आलं की लोक काच खाली घेतात, तिकीट घेतात आणि लगेच वर करतात. म्हणजे प्रवाशांना झटपट काम हवंय. त्या झटपटीची तालीम लोकांना कोणी दिली, हे मी त्यांना सांगितलं नाही. वसंतात दोन्ही उतारांवर खांब उभे राहिले. खांबावर यंत्र. काच खाली, कार्ड टेकवा, काच वर. तिकिटं फाडणारा माणूस लागणार नव्हता, आणि लांबर्टचं वयही निवृत्तीला आलंच होतं.

निरोपाला गावचा बँड आला. धक्क्यावर टेबल मांडून चेरीची आणि खिरीची फ्लाय ठेवली होती. साहेबांचं भाषण छान झालं; लांबर्ट हा प्रवाशांशी जोडलेला दुवा होता, असं ते म्हणाले, आणि तो दुवा खांबाशेजारी उभा राहून टाळ्या वाजवत होता. कंपनीने त्याला भेट म्हणून ड्रायव्हिंग स्कूलचे धडे दिले. त्याला गाडी येत नाही हे कुठूनतरी कळलं असावं. लांबर्टने नंतर त्यातले थोडे घेतलेही. पण सिग्नलला थांबलं की तो काच खाली घेऊन शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे वळायचा. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं, राहू द्या.

त्या दिवशी धक्क्यावर स्मेट्सबाई आल्या होत्या, पायी. हातात बशी घेऊन त्या लांबर्टपाशी थांबल्या. मी शेजारीच होतो, त्यामुळे या वेळी वाऱ्याची गरज पडली नाही.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या आईचं पुढे काय झालं? माळ्यावर होत्या ना."

लांबर्टने विचारलं, "तुम्ही ऐकत होतात?"

"सुरुवातीला नव्हते. सुरुवातीला मी काचेचाच विचार करत होते. मग तुम्ही कोंबड्यांचं सांगायला लागलात."

"पाणी ओसरलं," लांबर्ट म्हणाला. "मग ती खाली उतरली."

"एवढंच?"

"एवढंच. सांगायला वेळ लागतो फक्त."

बाईंनी फ्लायचा तुकडा संपवला, तोंड पुसलं. मग गुरुवारी कॉफीला या, म्हणाल्या. वील हयात होते तेव्हा घरात तेच बोलायचे, आपल्या वाट्याला बोलणं फारसं आलं नाही, आणि आता घर फार गप्प असतं.

लांबर्ट गुरुवारी गेला. मग पुढच्या गुरुवारी. मला वाटलं, बरं झालं, बिचाऱ्याला एकदाचं कोणीतरी काच न लावता ऐकणारं मिळालं. आता मंगळवारी दोघं मिळून बोटीवर असतात. बाई चालवतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ सराईत. खांबापाशी काच झरकन खाली येते, कार्ड टेकतं, काच वर जाते. नदीवर सगळ्या काचा बंद असतात. मी केबिनमधून बघतो तर आत बाईंचं तोंड हलत असतं, हात हलत असतात, आणि शेजारी लांबर्ट टोपी मांडीवर ठेवून मान डोलावत असतो. या काठापासून त्या काठापर्यंत त्याचे ओठ हललेले मी अजून पाहिले नाहीत.

परवा हाल्डरच्या खानावळीत तो भेटला तेव्हा मी विचारलं, तुला बोलू देते की नाही.

"देईल," तो बियरचा फेस पुसत म्हणाला. "आधी तिचं तर होऊ दे. अजून ती शाळेतच आहे. नन बाईंनी तिला चर्चच्या गाण्यातून काढलंय, आणि मला वाटतंय, त्यात तिची चूक नव्हती."